उपट

टेंभुरखेड्याच्या शेडमध्ये ट्रकची वाट पाहताना
आम्ही पत्ते खेळतो. बावन्न पानांचे नव्हेत;
विकेश कुमरेनं संत्र्यांच्या फाटक्या खोक्यांतून
कात्रीनं कापलेले.
एका बाजूला अर्धवट छापील फळ,
दुसऱ्या बाजूला त्याचं निळं, तिरकं अक्षर.

सुरुवातीला सगळे सारखेच गरीब:
चुरीची सात पानं, हमालाची तीन.
पिसायची, पाच उचलायची,
हातात जे आलं त्यात बाजारातून एक काही घ्यायचं.
घेतलेलं आपल्याच गड्डीत मुरतं
अन् दोन-तीन फेऱ्यांनी
बसस्टँडवर ओळखीचं माणूस दिसावं
तसं परत भेटतं.

एकच पान परत भेटत नाही.
त्याचं नाव उपट.
तीन पानं ओढा, असं त्यावर लिहिलंय,
अन् खाली बारीक: मग मला चुलीत टाका.
विकेशचे नियम नुसते बोलायचे नसतात.
पान खरंच जातं चहाच्या गंजाखाली,
पुठ्ठा आधी वाकतो, मग पेटतो,
धुराला संत्र्याच्या सालीचा वास.
दुसऱ्या दिवशी तो नवीन कापून आणतो.

मी उपटची तीन घेतली होती, पहिल्याच रात्री,
अन् एकही खेळले नाही.
राहू दे म्हटलं अडीअडचणीला,
गव्हाच्या कोठीत नोटा दडवाव्या तशी.
ती दर फेरीला हातात यायची,
पाचातली एक जागा अडवून बसायची,
ना जेवणाऱ्या ना उठणाऱ्या पाहुण्यासारखी.
सादिकभाऊनं तोवर क्रेट घेतले, आडत घेतली,
ट्रकसुद्धा घेतला.
बेबी नेवारे म्हणाली,
"वहिनी, पान होय का सोनं होय?
कायले जपून रायली?"

मग मी हाती आलं की लगेच टाकत सुटले.
चुरीच्या गड्डीत हात घातला
तर चुरीच उपटली गेली. तीनच्या तीन.
एकदा तर बाजार आधी केला, उपट मागून टाकली;
दोन हजाराची हुंडी आली हातात
अन् घ्यायची पाळी संपलेली.
विकेश हसला नाही. एवढंच म्हणाला,
"ताई, आधी उपट, मंग इकत घे."

मी दिवसभर खोकी मोजते.
कोणत्या थप्पीत किती, कुणाची डागी किती निघाली,
हे मला झोपेत विचारा.
अन् गड्डीत काय उरलं, टाकलेल्यात काय गेलं,
हे मोजायचं मला तेरा रात्री सुचलं नाही!
चुरी सगळी खाली पडून गेली असेल,
वर चांगला माल उरला असेल,
तेव्हाच ते पान. त्याआधी थांबायचं,
त्यानंतर थांबायचं नाही;
गड्डी पुन्हा पिसली की चुरी परत वर.
अन् ते जळालं म्हणून हळहळायचं नाही,
जाताना ते आपली जागाही मोकळी करून जातं.

काल पारा आठवर होता. शाल, कानाला मफलर.
गड्डीत नऊ पानं, मी तीनदा मोजलेली.
त्यांत चुरी फक्त दोन.
आडत वर, ट्रक वर, हुंडी वर.
बाजाराला हात लावायच्या आधी मी उपट टाकली
अन् सगळ्यांकडे एकवार पाहिलं,
जरा तोऱ्यातच.

चुरी.
हमाल.
चुरी.

बेबी इतकी हसली की तिला ठसका लागला.
"हिशोब बराबर होता," विकेश म्हणाला,
"पानाइले कोण सांगन?"
तेवढ्यात उतारावर ट्रकचे दिवे दिसले,
सादिकभाऊ पानं तशीच टाकून उठला.
मी उपट चुलीत सरकवली.
चहा बराच वेळ नुसता कोमट होऊन बसला होता,
त्याला तेवढीच आच कमी पडत होती.