जमावाची वाक्ये

आसाबाच्या बाजारात माझी पत्र्याची टपरी:
सिनेमांच्या तबकड्या, चार्जर, उन्हाने निळी पडलेली पोस्टरं.
सगळ्यात जास्त खपतो न्वाकाएगोबाईंचा चेहरा,
डोळ्यांभोवती खडूची पूड, दातांत कोंबडीचं पीस,
सुनेच्या सुपात काहीतरी ढवळणाऱ्या.
पस्तीसेक सिनेमांत त्यांनी किती सुना मारल्या
याचा हिशेब माझ्याकडे आहे,
कारण माझ्या सोमाडीनाची फी त्या सुनांनीच भरली.

रविवारी त्या तिसऱ्या बाकावर बसतात.
बाक आठ जणांचा. त्या बसल्या की एकीचा.
शांती द्यायची वेळ येते तेव्हा
सगळे हात मागे वळतात, बाजूला वळतात,
कुणाला अचानक पंखा बघायचा असतो.
त्या आपलाच डावा हात उजव्यात घेऊन उभ्या.
एकदा पुढच्या बाईने बाळाची टाळू कापडाने झाकली,
नजर लागेल म्हणून.

मी दाराशी असते, दानाची टोपली घेऊन.
त्यांच्यापुढे टोपली धरते
आणि फक्त नोटेकडे बघते.

एकदा टपरीवर आल्या होत्या. डोक्याला साधं फडकं.
"माझं नवीन काय आलंय? ते लोक मला प्रत पाठवत नाहीत."
घासाघीस करून स्वतःचाच सिनेमा विकत घेतला.
मग हळूच, "शेवटी काय होतं माझं?"
म्हटलं, "वीज पडते."
"दर वेळी वीजच," त्या म्हणाल्या.
"पास्टर धावत येतो, बाटलीतलं पाणी शिंपडतो, आणि वीज.
लेखकाला म्हटलं, एकदा तरी गुडघे टेकू दे मला,
एकदा तरी कुणी म्हणू दे, ऊठ बाई.
तो म्हणाला, मॅडम, त्याला गिऱ्हाईक नाही."
सुटे पैसे न घेताच गेल्या.

मग तो शुक्रवार.
वीज गेलेली, जनरेटर मुद्दाम लावला नव्हता.
प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन, प्रत्येकाच्या हाती चोपडी:
ख्रिस्ताचे शब्द फादर उझोंडूंना,
पिलात बँकेचा मॅनेजर,
आणि ठळक अक्षरांतली जमावाची वाक्यं आम्हा सगळ्यांना.
ते एक वाक्य इथे लिहीत नाही.
तुम्हाला ते येतं.

आम्ही ते छान म्हटलं.
टाळू झाकणाऱ्या बाईने म्हटलं, गायकवृंदाने तर सुरात,
आणि मी, बाजारात ओरडून तापवलेला गळा माझा,
मी असं म्हटलं की छपराखालची वटवाघळं हलली.
दुसऱ्यांदा ते वाक्य आलं
तेव्हा तिसऱ्या बाकाकडे लक्ष गेलं.
चोपडी उघडी, ओठ मिटलेले.
शिव्याशापांचं मानधन घेणारी ती बाई
गप्प होती.
माझं तोंड तेवढ्यात अर्धं उघडलेलं,
मिटावं की संपवावं ते कळेना.
संपवलं.

नंतर आंब्याखाली त्यांना गाठून विचारलं,
"तुम्ही का नाही म्हटलं?"
चप्पल चढवत म्हणाल्या,
"तालीम नसताना मी बोलत नाही.
तुमची सगळ्यांची मात्र चांगलीच झाली होती."

शनिवारी टपरी उघडली. पोस्टर उतरवलं नाही,
पुढच्या सत्राची फी बाकी आहे.
रात्री देवळात पूर्ण अंधार.
वेदीजवळून नवी ज्योत निघाली,
या मेणबत्तीवरून त्या मेणबत्तीवर, ओळीओळीने,
आणि तिसऱ्या बाकाला वळसा घालून
भिंतीच्या कडेने मागे माझ्यापर्यंत आली.
मधे एक काळा चौकोन राहिला, दात पडल्यासारखा.

टोपली खाली ठेवली.
मधल्या वाटेने चालत गेले. सगळे बघत होते,
सिनेमा बघतात तसे.
मेणबत्ती तिरकी केली.
त्यांची वात जुनी होती, पेटायला वेळ लागला,
मेण दोघींच्या बोटांवर सांडलं.
वारा नव्हता. तरी ज्योत हलत होती.
कुणाचा हात कापत होता,
ते मला अजून नीट सांगता येत नाही.