गुंजभर

कोशॉक्टन, ओहायो. फेब्रुवारी.
"स्वेटर वरच काढून ये," व्हर्लिन जिन्याखालून ओरडतो,
"कोरड्या हवेत लोकर ठिणग्या पाळते."
तळघरात उतरले की आधी पाण्याच्या लोखंडी पाइपला हात.
देवळात शिरताना घंटेला लावावा, तसा लावते.

त्याच्या डोळ्यांच्या ऐन मधोमध डाग आलाय.
कडेचं सगळं दिसतं: खिडकी, बर्फ, माझा कान.
ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं.
म्हणून शेजारीण लागते, तीही गोळ्या मोजणारी.
माझ्या गोळ्या रक्तदाबाच्या, केमिस्टच्या काउंटरवरच्या.
आमच्या भाषेत दोन्हींना शब्द एकच, असं सांगितलं
तेव्हा तो इतका हसला की ठसका लागला.

बाकाला बोल्टने आवळलेला प्रेस, हिरवा, त्याच्या लग्नाहून जुना.
पितळी पुंगळ्या रात्रभर अक्रोडाच्या भुशात घोळून
चिंचेने घासल्यासारख्या लखलखीत.
प्रायमर मात्र आपापल्या खोक्यात, आपापल्या खाचेत.
"बरणीत कधी ओतायचे नाहीत. एक गेला की सगळे सोबत जातात."
मला भाऊ आठवला, दिवाळीत टिकल्यांची अख्खी डबी
वरवंट्याखाली घेणारा, आणि मग आठवडाभर बहिरा.
डोळ्यांवर चष्मा. बोटाला तेल नको.
प्रायमर अडला तर जोर करायचा नाही,
अडलेल्याशी भांडू नये, थांबावं.
रेडिओ बंद. बाकावर एका वेळी एकच दारू,
आणि हे सांगणारा माणूस चाळीस वर्षांत बिअरलाही शिवलेला नाही.

मग तराजू.
"ग्रेन," तो म्हणाला. मी म्हटलं, ठाऊक आहे,
पूर्वी औषधाच्या पुड्याही यातच तोलत.
मनात मात्र बाबा, सोनार आळीत दिव्याखाली,
चिमट्यात गुंज धरलेले.
हे त्यांचं माप म्हणजे आमची अर्धी गुंज.
तोलताना बाबा श्वास रोखत, म्हणत,
श्वासालाही वजन असतं, ते गिऱ्हाइकाच्या नावे पडतं.
व्हर्लिनही श्वास रोखतो.

पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या.
टॉर्च घेऊन मी एकेकीत डोकावते.
दारू अर्ध्यापर्यंतही पोचत नाही, भीती तीच:
दुसऱ्यांदा पडली तरी जागा उरते,
पुंगळी तक्रार करत नाही.
ठीक. ठीक. ठीक.
एकेचाळिसावी जवळजवळ काठापर्यंत.

मी काही बोलले नाही. त्याने माझं थांबणं ऐकलं.
"कितवी?"
"एकेचाळीस."
"तेव्हा फोन आला होता बहुतेक."
मग बऱ्याच वेळाने, "नाही. फोन आलाच नव्हता."

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात.
त्याची मुलगी दोन वर्षं सांगत होती, डॉक्टर सांगत होता.
मी तर नुसता एक आकडा सांगितला.

त्याने एकेक पुंगळी पालथी करून दारू मूळ डब्यात ओतली,
डब्यावरचं नाव वाचून,
म्हणजे माझ्याकडून दोनदा वाचून घेऊन.
मग पाना शोधला. बोल्ट चार होते.
चौथा गंजलेला, तो मला फिरवू दिला नाही.
वर येऊन आम्ही कोपरापर्यंत हात धुतले, शिसं चिकटून राहतं म्हणून,
कॉफी घेतली, बर्फाविषयी बोललो.

तराजू आता माझ्या ओट्यावर असतो.
कुंकवाच्या जुन्या डबीत बाबांची एक गुंज आहे,
लाल, काळ्या डोळ्याची.
काल रात्री तोलली. पावणेदोन ग्रेन.
श्वास रोखून पुन्हा तोलली.
पावणेदोन भरत नाही, किंचित कमीच.