कार्बनची प्रत

भांड्यांची वाटणी मी पाहिली आहे.
मामांच्या घरी, फत्तेपुऱ्यात,
एक तांब्या इकडे, एक तिकडे,
आणि परात एकच निघाली म्हणून
दोन भाऊ सात वर्षं बोलले नाहीत.

आपलं तसं नव्हतं, श्रीरंग.
तू एक बटण दाबलंस
आणि सगळंच्या सगळं दोघांकडे झालं :
मोडी अक्षरांचे चौदा हजार नमुने,
कुणी कधी काय बदललं त्याचा तारीखवार इतिहास,
ओळ दोनशे बारावरची तुझी टीप,
'हे का चालतं माहीत नाही. काढू नये.'
परातसुद्धा दोन.
तरी भांडण उरलंच.

कशावरून, ते सांगताना आता हसू येतं.
कोड कुठे ठेवायचा. बोलायचं कुठे.
तुला ती मोठी परदेशी साइट हवी होती,
सगळे तिथेच असतात म्हणालास.
मला दांडिया बाजारातल्या आपल्या खोलीतला डबा,
जो मे महिन्यात पंखा लावला नाही तर झोपून जातो.
तू म्हणालास, हट्ट आहे.
मी म्हणाले, किल्ली दुसऱ्याच्या खिशात
आणि घर म्हणे आपलं.
मग निर्णय रात्री फोनवरच्या ग्रुपात व्हायला लागले.
एक अंगठा, दोन अंगठे, झालं बहुमत.
सकाळी उठले तर 'ळ' बदललेला.

दिघेबाई त्या ग्रुपात नव्हत्या.
त्यांच्याकडे बटणांचा फोन.
छत्तीस वर्षं दप्तरखान्यात मोडी वाचलेली बाई,
कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर.
आपल्या यंत्राने वाचलं, 'हत्तीस तेल, सव्वा शेर.'
त्यांनी चिठ्ठी पाठवली, शाईने :
'हत्तीस नव्हे, बत्तीस.'
तू म्हणालास, चिठ्ठीची नोंद होत नाही,
फॉर्म भरायला सांग.
एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला, श्रीरंग, फॉर्म.

(खरं सांगते आता. त्या चिठ्ठ्या टाइप करायला
मलाही तीन-तीन आठवडे लागायचे.
अडतीस माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होत्या.
तुला ते ठाऊक होतं.
ग्रुपात तू कधी बोलला नाहीस.)

रस्त्याला फाटा फुटतो,
आणि नको असलेल्या गोष्टीला फाटा देतात.
आपण नक्की कुठलं केलं?
माझ्याकडे 'बोरू' राहिला, तुझा झाला 'टाक'.
तुझ्याकडे एकवीस जण, त्यात एक टोरांटोचा.
माझ्याकडे मी, पंखा,
आणि परीक्षा नसेल तेव्हा सुरतेचा एक मुलगा.
एकाच कागदावरचं तेल
तुझ्याकडे हत्तीला जातं, माझ्याकडे बत्तीला.

मोडीत आधी रेघ ओढतात,
या काठापासून त्या काठापर्यंत,
मग अक्षरं तिला लटकत जातात,
हात न उचलता.
आपली रेघ ओढली गेली रावपुऱ्यात,
शेव-उसळीच्या गाडीवर,
कागदी डिशच्या पाठीवर, तेलाच्या डागाला वळसा घालून.
ती डिश कुणाकडे आहे?
तिची काही प्रत निघाली नाही.

परवा चिठ्ठी आली.
रिक्षावाल्या इकबालभाईंनी वर आणून दिली.
अक्षर निळं, फिकट, कडा पसरलेल्या.
फोन केला तर दिघेबाई म्हणाल्या,
'दोन ठिकाणी पाठवायचं असतं ना आता?
शाईचं पेन ठेवून दिलं, त्याने खाली उठत नाही.
कार्बन घालते.
वरची एकदा त्याला, एकदा तुला.
ह्या खेपेला तुझी खालची.'
मग जरा थांबून,
'खालची उठायला जोर द्यावा लागतो गं.
बोट दुखतं.'

चिठ्ठीत एवढंच :
'हत्तीस नव्हे. मी सांगितलेलं बत्तीसही नव्हे,
माझी चूक. दत्तीस.
कुणी दत्ती होती. तिला तेल दिलंय.'

मी ते त्याच रात्री टाइप केलं,
पंखा लावून.
निदान वाटतं तरी दत्तीच. 'द' नीट उठलेला नाही.

तुझ्याकडे वरची आहे, गडद.
तू काय वाचलंस?