उजेडावर धरलेला गुडघा

एकतीस वर्षं मी टॉवेल तपासले
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात,
काचेच्या टेबलावर, खाली ट्यूबलाइट.
भोक काय, कुणालाही दिसतं.
मालक पगार द्यायचा तो
भोक पडायच्या आधीचं बघण्याचा:
जिथं बाणा जरा सैल बसलाय,
जिथून उजेड
हवा त्याहून चिमूटभर जास्त येतो.

आता टेबलावर माझाच गुडघा.
मोकालु, आई म्हणायची,
आणि जिना चढताना
तो अजून तेलुगूतच कुरकुरतो.
एक्स-रे कोरा आला होता.
"हाडं छान आहेत, येमूलबाई, वजन कमी करा."
वजन!
त्रेचाळीस किलोची मी, ओल्या लुगड्यासकट.

ही हत्तुरे डॉक्टरीण वेगळी.
जागा बधिर करते, सुईतून आत सोडते
केसाएवढी काचेची तार,
तारेतून डोळ्यांना न दिसणारा उजेड.
"मग तुला कसा गं दिसतो?"
"मला नाही, यंत्राला.
आत जातो, विखुरतो,
परत येतो तेवढा मोजायचा."

पडद्यावर एक रेघ. चढते,
एका जागी खचते.
ती सांगत राहते, कूर्चा, पाणी, तंतूंची जाळी.
तंतू म्हटल्यावर मी मान उचलली.
"सैल पडलेत?"
"हो. तुटले नाहीत अजून."

हे 'अजून' माझ्या ओळखीचं.
निळ्या खडूनं त्याच्याभोवती गोल करायचे मी,
वर निरोप धाडायचे, बारा नंबरचा लूम थांबवा.
कधी थांबवायचे.
दिवाळीच्या ऑर्डरीत कोण थांबवतंय.

"उकिडवं बसू नका, मांड्यांचे व्यायाम,
सहा महिन्यांनी परत या."
पायऱ्या उतरताना आठवलं, वळले.
"माझी सून दिवसभर मांडी घालून विड्या वळते.
तिला आणू?"
"दुखतं त्यांना?"
"नाही म्हणते."
"तरी आणा."

घरी आले तेव्हा लाइट गेलेली.
अंबुबाई दारातल्या उन्हात, मांडीवर सूप,
हजारातल्या शेवटच्या दोन-तीन विड्या.
चहा ठेवते म्हणाली, उठली.
उठताना भिंतीला
बोटं टेकली तिनं, नुसती,
पाकोळी बसावी तशी.

मी पाहिली.