चौथा कारखाना

हर्णै बंदरात बर्फाचे कारखाने चार होते,
आजपासून तीन.
चौथ्याचा कॉम्प्रेसर मी खोलतोय.
पाना फिरवला की गंजाचा भुगा पडतो
आणि उरलासुरला अमोनिया डोळ्यांत उतरतो.

फिटरला धंद्यातलं कुणी विचारत नाही,
पण चारही घरचं पाणी मी प्यालोय.

गफूरशेट होडेकरांचं गणित सरळ:
लादी स्वस्त, लाद्या पुष्कळ.
मोटार रात्रीच्या दरात चालते,
ऑफिसात एकच ट्यूब, तीही मुनीम आला तर.
चहा अर्धा.
माझं बिलसुद्धा घासतो,
पण घासून झालं की त्याच दिवशी देतो.
ट्रॉलरवाले त्याच्या बर्फाला शिव्या घालतात,
पोटात हवा, लवकर पाणी होतं,
आणि शिव्या घालत घालत साठ लाद्या उचलतात.

दोरकुळकर मास्तर शाळेतून रिटायर झालेला,
गिऱ्हाइकाला लादीतून पेपर वाचून दाखवतो.
पाणी गाळून घेतो, साच्यात बुडबुडे सोडत ठेवतो,
थंडीला घाई करू देत नाही.
भाव दीडपट.
सगळ्यांना परवडत नाही,
सगळ्यांना विकायचंच नाहीये त्याला.
परदेशी जाणारे कोळंबीचे खोके, तेवढेच त्याचे.
एकदा गफूरशेटने भाव पाडला
तेव्हा सगळं बंदर मास्तरकडे बघत होतं.
मास्तर फळ्यावरचा आकडा पुसायला उठलाच नाही.

तारामती पावसेकडे वीस साचे, एक क्रशर, पत्र्याची शेड.
ट्रॉलर तिच्या दाराशी येत नाही, ती बोलवतही नाही.
पहाटे तीनला पाजपंढरीच्या बायका येतात,
डोक्यावर पाटी, कनवटीला सुटे.
त्यांना लादी काय करायची?
चुरा हवा, दापोलीच्या बाजारापर्यंत
बांगड्याचा डोळा जिवंत दिसेल एवढा.
गफूरशेटला हे पाटीपाटीचं गिऱ्हाईक म्हणजे डोकेदुखी,
मास्तरला वह्या पुरायच्या नाहीत.
तारामती वही ठेवतच नाही.
कुणाची सून बाळंत झाली, कुणाची पाटी परवा तशीच परत आली,
सगळं तोंडपाठ,
वसुलीसकट.

आणि हा माझ्या पान्याखालचा, श्रीरंग मयेकरचा.
वाईट माणूस? छे.
सगळ्यांचं ऐकणारा.
नारळी पौर्णिमेला होड्या सुटल्या तेव्हा
गफूरशेटपेक्षा लादीमागे पाच रुपये उतरला.
दिवाळीत कुणी म्हणालं, बर्फ पांढरा पडतो तुझा,
तर कर्ज काढून मास्तरसारखी गाळणी बसवली,
भाव मात्र तोच.
मग पाटीवाल्यांसाठी क्रशर आणला, उधारी उघडली,
आणि शिमग्याला त्या क्रशरचा पट्टा तुटला.
पट्टा घालताना मागे उभा राहून म्हणाला,
"दादा, नक्की चुकतंय कुठे?"

मी पट्ट्याचंच बोललो.
एका घरचं दुसऱ्या घरी सांगणारा फिटर
रात्री दोनला कुणीच बोलावत नाही.
माझंही काहीतरी धरून ठेवलेलं आहे.

पण सांगितलं असतं तरी काय सांगणार होतो?
गफूरशेटचा चहा अर्धा, हे येणाऱ्याला दिसतं.
पाहुणा आला, लिलाव चढला, मुलाचं लग्न ठरलं,
तरी तो अर्धाच राहतो,
हे बघायला वीस वर्षं तिथे पाना फिरवावा लागतो.

सुटे भाग गफूरशेट किलोवर घेणार आहे.
गाळणी मास्तरने दुरून पाहिली, मान हलवली.
क्रशर तारामतीने कालच नेला,
घासाघीस न करता,
आणि ती मिठालासुद्धा घासाघीस करते.

शेवटच्या साच्यात लादीचा एक तुकडा राहिला होता,
कडेला काच, पोटात पांढरा.
मयेकर म्हणाला, घेऊन जा, मजुरीत नको धरूस.
गोणपाटात गुंडाळून स्कूटरच्या पायाशी ठेवला.
चढावर चपला भिजल्या.
घरी पोचेपर्यंत विटेएवढा उरला.

बायकोने विचारलं, कुणाकडचा?
मी म्हटलं, फोड आधी.
आमसुलं भिजत घातलीयस ना?