मे महिन्यातला स्टेथोस्कोप

चोपड्याच्या दवाखान्यात मे महिन्यात
भिंतींनाही ताप असतो.
आणि हा नवा इंटर्न, सिकंदर तडवी,
चकती छातीवर टेकवण्याआधी
मुठीत धरून ऊब देतो तिला,
पंचेचाळीस डिग्रीत.

हसू आलं. मग आलं नाही.
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.
मी तर नाहीच, मी नुसतं करत आले
बारा वर्षं, बाराही महिने, न कळता.

मला ते भंगाळे सरांकडून मिळालं
धुळ्याला, सिव्हिलच्या वॉर्डात, एका जानेवारीत.
फुटक्या काचेच्या जागी एक्स-रेची फिल्म चिकटवलेली,
म्हातारी शिंदखेड्याची, थंडीने गोळा झालेली.
सरांनी चकती मुठीत दाबली
आणि तेवढा वेळ गप्प उभे राहिले.
मग वाकून, "कथं दुखस, माय?"
आम्ही आठ जण कॉटभोवती.
वहीत लिहिलं : उजवी बाजू, खाली, क्रेपिटेशन्स.
मुठीचं कुणी लिहिलं नाही.

नीतिमत्तेचा तास मात्र सर
वीस मिनिटांत गुंडाळायचे.

आणि सगळंच सांगायचं तर
सरांनी एकदा ट्रे फेकला होता.
कात्री चुकीची आली म्हणून,
शिकाऊ नर्सच्या पायाशी.
फरशीवर चिमटे बराच वेळ वाजत राहिले.
तेही कुणी लिहिलं नाही वहीत.
तेही पोचलं.

परवा रात्री अडावदहून सर्पदंश आला.
सलाईनचा सेट सापडेना,
सिकंदरने केसपेपर टेबलावर आपटला.
मनगटाचा तो झटका मी ओळखला,
घरातलं भांडं शेजारी दिसावं तसा.
सैंदाणे सिस्टर, तेवीस वर्षांची नोकरी,
वाकून कागद गोळा करू लागल्या.

त्याला आत बोलावून चार शब्द सुनवावेत म्हणून
रात्रभर शब्द जुळवले.
पहाटे वाटलं, शब्दांनी आजवर
कुणाचं मनगट बदललंय?

सकाळच्या राउंडला, औषधांच्या कपाटापाशी,
सगळ्यांदेखत म्हटलं,
"सिस्टर, गुरुवारी लेबर रूममध्ये
मी ओरडले तुमच्यावर. चूक माझी होती."
आवाज चाचपडत गेला,
पहिल्यांदा शीर शोधणाऱ्या सुईसारखा.
हे कसं करतात ते मी
कुणालाच करताना पाहिलेलं नव्हतं.

सिस्टर गोंधळल्या. "जाऊ द्या ना मॅडम,"
म्हणून कपाटाची किल्ली शोधू लागल्या.
किल्ली त्यांच्या हातातच होती.

सिकंदरकडे मी पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर नाटक झालं असतं.

तो पाच नंबरवर पोचला होता.
केळीच्या ट्रकवरून पडलेलं पोरगं
भेदरून त्याच्या हाताकडे बघत होतं.
चकती मुठीत.
ऐकलं की नाही त्याने, माहीत नाही.
मूठ उघडायला जरा वेळ लागला, एवढंच.