किती सेकंद

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यावर आमचं ऑफिस.
खाली चोवीस माग. वर पत्रा, एप्रिल, आम्ही तिघं
आणि काळ्या पडद्यावरची सहा अवजारं.
एक डेटा उतरवून घेतं, एक परत चढवतं,
एक झाडलोट करतं,
एक नुसतंच विचारतं : जागा आहेस का?
उरलेली दोन काय करतात
ते मलाही मदत उघडून बघावं लागतं.

शिवलीला म्हणते, सहाहींना एक नवा पर्याय द्या.
सर्व्हर बोललाच नाही तर किती सेकंद थांबायचं.
एक शब्द, पुढे एक आकडा. बास.

मी म्हणतो, ते आजही सांगता येतं की,
जोडणीच्या लांब ओळीत,
होस्ट, पोर्ट, नाव, सगळ्यांच्या शेपटाला बांधून.
येतं, ती म्हणते.
पहाटे तीनला येतं का?

इम्तियाज डबा उघडता उघडता :
आमच्याकडे नळ तीन, पाणी पाचव्या दिवशी.
चौथी तोटी बसवून काय होणारय?

तोटी कोण मागतंय, शिवलीला म्हणाली.
पाणी आलं नाही तर
बादली धरून किती वेळ उभं राहायचं,
तेवढं विचारतेय.

यावर कुणी काही बोललं नाही. चटणी फिरली.

अक्षरंही संपलीत, हे खरं.
लहान टी एका अवजारात तक्ता,
दुसऱ्यात : मथळा नको, नुसत्या ओळी दे.
नव्याला अक्षर मिळणार नाही,
पूर्ण नावानं हाक मारावी लागेल,
सहा ठिकाणी, सहा मदतींत,
आणि एकदा दिलेला पर्याय परत घेता येत नाही.
कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी रात्रपाळीत
तो रुतून बसलेला असतो.

गुर्रम जॉबर गार पाण्याला वर आले होते.
भांडण ऐकून घेतलं, तांब्या खाली ठेवला.
मागाला काही नवं लावायचं तर चोवीसांना लावा, म्हणाले,
आणि मी मेल्यावर ते कुणी काढणार नाही
असं धरून लावा.
लावा म्हणाले की लावू नका,
ते जिना उतरेपर्यंत कळलं नाही.

तेवढ्यात लाइट गेली.
चोवीस माग एका दमात थांबले
आणि इतका वेळ आपण ओरडून बोलत होतो
हे तिघांनाही कळलं.

संध्याकाळी मी ठरावात लिहिलं : नको.
कारणं चार, सगळी बरोबर.
मदतीच्या पानावर लांब ओळीचा एक नमुना टाकला.
शिवलीलानं वाचलं, बरं म्हणाली,
स्कूटरची किल्ली उचलली.

रात्री बॅकअप मीच लावला.
होस्ट लिहिला, पोर्ट लिहिला, नाव लिहिलं,
अवतरणचिन्हंसुद्धा दोन्ही टोकांना नीट.
एंटर.
पलीकडून काही नाही.
खाली दुसरी पाळी सुरू झाली, पत्रा थरथरायला लागला,
आणि मी लुकलुकणाऱ्या चौकोनासमोर बसून,
किती सेकंद
ते लिहायचंच राहिलेलं.